किती दाखवतोय?

मोटारघराच्या छपरावर सौर पट्ट्या दोन, एसीचा खोका एक, हवेची झाकणं तीन आणि मधोमध टीव्हीच्या अँटेनाचा पांढरा घुमट. लायल त्या घुमटाशेजारी गुडघे टेकून बसला होता. उपग्रहाच्या बाजूचं, दक्षिणेचं आकाश मोकळं होतं. ॲरिझोनाच्या या वाळवंटात आडवं येईल असं एकही झाड नव्हतं.

"किती दाखवतोय?" त्याने उघड्या झाकणातून खाली विचारलं.

"शून्य," पडद्यासमोर बसलेली व्हर्ना म्हणाली. "तुझ्या डोक्यात आहे तेवढंच."

दर हिवाळ्यात नवरा-बायको हे काम असंच करत. तो वर, ती सिग्नलचे आकडे सांगायला खाली.

रात्रीच्या वादळात टीव्ही गेला होता. त्याआधी एवढंच कळलं होतं, की अलास्काच्या समुद्रात खेकडे पकडणारी एक बोट बुडाली आणि शोध चालू आहे. त्यांचा एकुलता मुलगा कर्ट त्याच बोटीवर होता. इथे फोनला रेंज नव्हती. गावाच्या वाटेवरचा कोरडा ओढा पावसाने दुथडी भरला होता.

लायलने घुमट पुसून कोरडा केला. "आता?"

"शून्य. सकाळची गोळी घेतलीस?"

"घेतली."

"डॉक्टरांनी शिडी चढू नको म्हणून सांगितलंय. हृदयात स्टेंट घालून महिना नाही झाला."

"डॉक्टरांचा मुलगा नाहीये त्या बोटीवर."

त्याने केबलचा सांधा उघडला. आत हिरवा गंज आणि पाण्याचा थेंब. त्याने टोक कापलं, तांब्याची तार मोकळी केली, नवी पिन बसवली.

"टीव्हीखालचा सिग्नलचा डबा बंद करून चालू कर."

घुमटातली तबकडी घरघरत फिरू लागली. उपग्रह शोधताना ती अशीच फिरते, आणि सापडला की थांबते. लायलने श्वास रोखला. घरघर थांबली.

"थांबली! सापडला बहुतेक. किती?"

त्याने छपरावर पक्कड ठोकली.

"व्हर्ना? झोपलीस की काय?"

"शून्य."

"मग फिरायची थांबली कशी?"

"मोटर जळली असेल."

"वास तर येत नाही जळल्याचा." त्याने पिन आणखी घट्ट पिळली. "आता?"

"शून्य, लायल."

तो घुमटाला पाठ लावून बसला. हातातली पक्कड त्याने खाली ठेवली.

"म्हणजे कळणारच नाही आपल्याला. कदाचित त्याला बाहेर काढलंही असेल. कुठल्यातरी जहाजावर ब्लँकेट गुंडाळून कॉफी पीत असेल, आणि आपण इथे..."

"हं."

"हं काय?"

"ओढ्याचं पाणी उतरलं का, बघ ना तिथून."

"नाही. उद्यापर्यंत गाडी निघणार नाही."

"आणि तिकडून इकडे कुणी येऊ शकेल?"

"इकडे कोण येणार?"

"कुणीही."

"कुणीच नाही."

"मग राहू दे. खाली ये. सावकाश, एकेका पायरीवर थांबत."

"शेवटचं एकदा बघ ना, व्हर्ना. माझ्यासाठी."

"शून्य," ती म्हणाली.

तिच्यासमोर, आवाज बंद केलेल्या पडद्यावर, शोध थांबवल्याची बातमी चालू होती. सहा फोटो, त्यांखाली सहा नावं. चौथा कर्ट. सिग्नलच्या पट्टीवर आकडा होता ब्याण्णव.