ठेवणीतले कप

घरून मत देण्यात वत्सलाकाकूंना चांगलाच फायदा दिसला. पंच्याऐंशी ओलांडलेल्यांच्या दारी अधिकारी, पोलीस, कॅमेरावाला अशी पाच माणसं येतात. सिडकोतल्या त्यांच्या घरी दिवाळीलाही एवढी येत नसत. पाय ठणठणीत असूनही त्यांनी अर्ज भरला, ठेवणीतले कप काढले. “चहा चालत नाय, आजी. नियम हाय,” पोलीस ओशाळून म्हणाला. दहा मिनिटांत मत घेऊन पथक गेलं. पुढच्या आठवड्यात समोरच्या शाळेत मतदानाची रांग लागली. पाचोडला राहायला गेलेली शेजारीण शैलासुद्धा आली. “काकू, या की! तुमची जागा धरलीय!” नवं लुगडं नेसून काकू पोचल्या. गप्पा रंगतायत तोवर तोच पोलीस आला. “आजी, तुमचं मत झालंय. रांगेत थांबता येत नाय.” घरी पाचही कप ट्रेमध्येच होते. दहा मिनिटांच्या पाहुण्यांपायी काकू अख्खी रांग देऊन बसल्या होत्या.