‘हेबन’चा अर्थ

यंत्राने राइनहोल्ट आजोबांना सकाळपासून अनेकदा पलंगावरून उचललं होतं आणि दर वेळी ते जास्तच घाबरून ओरडत होते.

“स्वतःच ‘उचल’ म्हणतात आणि उचललं की रडतात,” वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका केलरबाई वैतागून म्हणाल्या. “आता तुम्हीच बघा.”

रेवती मुजुमदार जर्मनीतल्या श्वाबेन भागातल्या बोलीचा कोश करत होती, म्हणून तिला बोलावलं होतं. म्हाताऱ्यांची शुश्रूषा आता यंत्रंच करत, आणि यंत्रांना, बाहेरून आलेल्या केलरबाईंसारखीच, फक्त प्रमाण जर्मन येत असे.

“हेब! हेब!” आजोबा ओरडले. यंत्राने लगेच दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली सरकवले.

“थांबवा त्याला!” रेवती पुढे धावली. “प्रमाण भाषेत ‘हेबन’ म्हणजे उचलणं. यांच्या बोलीत त्याचा अर्थ धरणं. ते ‘मला धर’ म्हणतायत!”

केलरबाईंनी यंत्र थांबवलं. रेवतीने घाईघाईने त्याला नवा अर्थ शिकवला. आणखी किती खोल्यांमध्ये हेच चाललं असेल?

यंत्राने आपला उबदार, मऊ पंजा पुढे करून आजोबांचा हात अलगद धरला. अर्थ अगदी अचूक होता. आजोबांनी पंजाकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि रेवतीपुढे केला.

“हेब,” ते हळूच म्हणाले.

रेवतीने हात धरला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कुणी बाई तेच ओरडू लागली.

“केलरबाई, तिकडे तुम्ही जा,” रेवती म्हणाली. “यंत्र नको.”