तुटका निरोप

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात शाल्मलीच्या स्क्रीनवर लाल ओळ उमटली, ‘निरोप पूर्ण वाचता आला नाही.’ वादळात अडकलेल्या बोटींचे निरोप उलगडणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. तुटका निरोप फेकून न देता हाती लागेल तेवढा जपून ठेवायचा, हेही तिनेच त्याला शिकवलं होतं.

त्यात बोटीचं नाव होतं, ‘पाणी शिरलंय’ होतं, अक्षांश होता. रेखांशाआधीच निरोप तुटला होता.

“माझा घरवाला कुठं हाय, बाय?” त्या बोटीच्या तांडेलाची, म्हणजे कप्तानाची, बायको गुणाबाई खुर्चीमागे उभी होती.

शाल्मलीने नकाशावर किनाऱ्यापासून खोल समुद्रात सरळ रेघ ओढली. “या रेघेवर कुठंतरी आहेत. किती आत, ते कळत नाही.”

“परत विचार ना मशीनला.”

तिने विचारलं. पुन्हा विचारलं. प्रोग्राम बंद पडला नाही की अडखळला नाही. तेवढंच सांगत राहिला. अंदाजाने आकडा भरावा, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. पण शोधबोटी भलतीकडेच गेल्या तर? तिने हात मागे घेतला.

शोधबोटी रेघ धरून निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोन खलाशांना जिवंत आणलं. बोट त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली होती. तांडेल सापडला नाही.

गुणाबाई पुन्हा खुर्चीमागे येऊन उभी राहिली. “मशीन बंद नको करू, बाय. उरलेलं सांगंल माझा घरवाला.”

निरोप पाठवणारं यंत्र बोटीबरोबरच तळाला गेलंय, हे ठाऊक असूनही शाल्मलीने मशीन चालूच ठेवलं.