बारावं नाव

“हे काय लिहिलं गा?” महादेवरावांनी कागदावर बोट ठेवलं.

गिरिधर वाकला. बोट बाराव्या नावावर होतं. ‘कै. मुकुंद महादेवराव भोयर. रामटेकच्या सहलीत पाय घसरून तलावात पडल्याने अपघाती निधन, १९६४.’

ध्रुव मंडळाला वीस वर्षं होत होती, म्हणून स्मरणिका निघणार होती. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात अकरा पोरांनी हे मंडळ काढलं होतं. त्यात वाटेल त्याला घेत नसत. पहिला वर्ग हवाच, आणि वर मंडळ सांगेल ती एक परीक्षा द्यावी लागे. आता ते अकराही जण मोठे झाले होते. गिरिधर पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता. कोणी रेल्वेत वर चढलेला, कोणी भिलाईला, एक अमेरिकेत शिकवत होता. प्रत्येकाच्या नावापुढे पदव्या, पदकं, बढत्या, चार-चार ओळी. मुकुंदच्या नावापुढे एकच. ती ओळ त्याच्या वडिलांना दाखवायला आणि त्याचा फोटो न्यायला गिरिधर रविवारी सकाळी स्कूटरवर त्यांच्या गावी, हुडकेश्वरला आला होता.

महादेवराव मंडळाला परके नव्हते. दर डिसेंबरात मेळावा भरे, आणि मुकुंद गेल्यापासून मंडळ त्यांना मानाने बोलवी. अठरा वर्षांत त्यांनी एकही मेळावा चुकवला नव्हता. स्वच्छ धोतर, काळी टोपी, पहिल्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसत. एकेक जण उठून वर्षभरात काय केलं ते सांगे, आणि म्हातारा कान देऊन ऐके. मग एखाद्याला जवळ बोलावून विचारे, “हे चीफ म्हणजे केवढं असते गा?” आणि त्याच्या पाठीवर हात ठेवे. त्या हाताखाली उभं राहणं गिरिधरला कुठल्याही मुलाखतीपेक्षा अवघड जाई.

“पाय घसरून,” महादेवरावांनी पुन्हा वाचलं. चष्मा काढला. “बरं लिहिलं.”

त्या ‘बरं’ने गिरिधरचा धीर सुटला. अकरा जणांनी एकमेकांना शब्द दिला होता. पोलिसांपुढेही तो टिकला होता. पण ही ओळ आता छापली जाणार होती, आणि ती त्याच्या अक्षरात होती.

“काका, ते खोटं आहे.” त्याने कागद ओढून घेतला. “पाय नाही घसरला. ती मुकुंदची मंडळाची परीक्षा होती. त्या तलावाचा एक अरुंद फाटा आहे, तो पोहून पार करायचा. पलीकडच्या काठाला हात लावला की सभासद. आम्हीच ठरवलं होतं. आम्ही सगळे या काठावर बसून होतो. तो बुडाला, आणि मग पाय घसरला म्हणायचं ठरलं. कॉलेजातून काढलं असतं आम्हाला. सगळ्यांचं...”

म्हातारा आता उठेल, शिव्या देईल, निदान चालता हो म्हणेल, म्हणून तो मान खाली घालून बसून राहिला.

महादेवराव उठले. आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा हातात फोटो नव्हता. एक आंतर्देशीय पत्र होतं, घड्यांवर फाटलेलं.

“तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, तं हे दारात पडलं होतं.”

गिरिधरने अक्षर ओळखलं. ‘बाबा, रविवारी रामटेकला माझी परीक्षा आहे. पोहून पलीकडे जायचं आहे. तुम्हीच विहिरीत शिकवलं, मग भीती कसली? मंडळात घेतलं की लगेच कळवतो. आईला पोहण्याचं सांगू नका.’

“म्हणजे तुम्हाला...”

“पहिल्यापासून माहीत आहे मले. तुह्या काकूले नाही सांगतलं. पाय घसरला, तेच मनात धरून गेली.”

“मग तुम्ही दरवर्षी काहून येत होते, काका?” गिरिधरच्या तोंडून घरचा शब्द निघाला. “आम्ही खोटं बोलून राहिलो हे माहीत असून आमचं कौतुक ऐकत बसत होते?”

“तुमचं ऐकत होतो अन् त्याचं लावून पाहत होतो. यंदा मुकुंदा असिस्टंट झाला असता. यंदा त्याची बदली झाली असती. अन् एक विचाराचं होतं. दर साली तोंडापर्यंत येये. तुमचे चेहरे पाहिले का गिळून टाको. म्हटलं, यातला एक जण ज्या दिवशी तोंड उघडन, त्या दिवशी त्यालेच विचारीन.”

ते गिरिधरच्या अगदी जवळ येऊन बसले. पत्राची घडी करता करता त्यांचा हात थांबला.

“घेतलं की कळवतो म्हणे. ते कळवाचं राहूनच गेलं. आता तूच सांग गा. पोहोचला होता का माहा पोरगा त्या काठाले?”

गिरिधरला वाटलं होतं, सांगायचं ते सगळं सांगून झालं. अठरा वर्षांत जे बाकीच्या दहा जणांनीही आपसात कधी उच्चारलं नव्हतं, ते अजून उरलं होतं.

“पोहोचला होता, काका. दोन्ही हात वर करून नाचला तिकडे. मग काठाकाठाने चालत परत निघाला होता तो. मीच ओरडलो, चालत नाही, पोहत ये, तरच पास धरू.”