तीनशे चाळीस ग्रॅमचा निवारा

"कोणी उठायचं नाही! एक उठला की सगळा निवारा बसला," लॅकलन ओरडला.

चौघं एका लाल खोळीत बसली होती. खोळच ती. काठ्या नाहीत, दोऱ्या नाहीत, तळ नाही. पातळ कापड डोक्यांवरून ओढायचं, कड बुडाखाली दाबायची आणि आपापल्या पाठपिशवीवर गोल बसून पाठीने ते ताणून धरायचं. वरून गारा तडतडत होत्या. शिखर जेमतेम पाव मैलावर राहिलं होतं.

हा निवारा निवडण्यात लॅकलनने अख्खा हिवाळा घालवला होता. डोंगरवाल्यांच्या क्लबच्या सामानसुमानाचा तो प्रमुख, आणि आजच्या चढाईचा पुढारीही. बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याने जप्त केला होता आणि तीन महिने त्या घरात केक झाला नाही. बारा निवारे तोलले गेले. हा भरला तीनशे चाळीस ग्रॅम. खिडकीवाला सव्वीस ग्रॅमनी जड निघाला, म्हणून बाद. "वादळात बघायचंय काय?" असं त्याने क्लबच्या सभेत विचारलं. चहा निवत होता, तेव्हा सभेने मान डोलावली. लॅकलनच्या स्वतःच्या पोटावर दहा-बारा किलो ऐवज जमलेला होता, पण तो विषय सभेपुढे आला नाही.

खरं तर आजचा दिवस इशबेलचा होता. वय शहात्तर, गावच्या टपाल कचेरीतून निवृत्त. स्कॉटलंडातले तीन हजार फुटांवरचे दोनशे ब्याऐंशी डोंगर. त्यातले दोनशे एक्याऐंशी तिने एकेचाळीस वर्षांत पायाखाली घातले होते. हा शेवटचा. बुधवारी गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर डोंगर विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटच्या शिखरावर सोबत्यांना व्हिस्की पाजायची रीत आहे. तिने आणलेली बाटली लॅकलनने गाडीतच ठेवायला लावली, काच जड असते म्हणून. व्हिस्की आता शाम्पूच्या रिकाम्या बाटलीत होती.

"गारा थांबल्या वाटतं," इशबेल म्हणाली.

"हा फडफडाट ऐकू येत नाही का तुम्हाला? तीनपर्यंत वादळ हटलं नाही तर सरळ खाली उतरायचं."

"आणि माझं शिखर?"

"शिखर कुठे पळून जात नाही, इशबेलबाई."

"ते नाही रे पळत. मीही पळू शकत नाही, हीच तर पंचाईत आहे."

कापड जितकं पातळ तितकं ते जास्त फडफडतं. एवढ्याशा वाऱ्याने प्रलय आल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे कळत नाही.

"मला बाहेर जायचंय," इशबेल म्हणाली.

"अजिबात नाही."

"लॅकलन, सकाळपासून माझे तीन कप चहा झालेत. बाहेर जाऊ की इथेच बसू, तूच सांग."

लॅकलनने तातडीने परवानगी दिली. तिने आपली पाठपिशवी कापडाला टेकून उभी केली, म्हणजे निवारा ढळायला नको, आणि कडेखालून ती सरपटत बाहेर गेली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. इशबेलची भाची ऊना रडकुंडीला आली. "मावशी पडली असेल कुठेतरी. मी बघून येते."

"बसा खाली! एक हरवली तर तो अपघात. दोघी हरवल्या तर माझी चौकशी होईल."

"निदान कड उचलून बघू या," चौथा गडी मर्डो म्हणाला. निवृत्त दंतवैद्य, जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलेला, पण लॅकलनपुढे त्याचं स्वतःचं उघडत नसे.

"ऊब जाईल!"

कड कोणी उचलली नाही. फोनला रेंज नव्हती. लॅकलनने शिट्टी काढली. नियमाप्रमाणे मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. एवढ्याशा खोळीत ती शिट्टी कानाचे पडदे फाडत होती. मधल्या थांब्यात तो इशबेलचं काय चुकलं ते सांगायचा. तिचा कोट जुना, बूट जड, पुढाऱ्याचं ऐकायची सवय नाही. अजून ती सापडलीही नव्हती आणि त्याने तिला दोषी ठरवून टाकलं होतं. ऊनाला त्याची आणि स्वतःचीही शिसारी आली. आपली मावशी बाहेर मरतेय आणि आपण उबेला बसलोय, हे तिला सहन होईना.

पावणेतीन वाजले.

"खड्ड्यात गेली तुझी ऊब!" ऊना ताडकन उभी राहिली. लॅकलनने कापड दोन्ही हातांनी घट्ट धरलं, पण पोरीने हिसडा देऊन सगळी खोळ भिरकावून दिली.

तिघांचे डोळे दिपले. आभाळ निळंशार होतं. गवत वाळूनसुद्धा गेलं होतं. गार झुळूक होती, एवढंच काय ते वादळ. समोर दगडांच्या राशीचं शिखर लख्ख दिसत होतं आणि तिकडून कोट कमरेला बांधून इशबेल लंगडत, पण मजेत उतरत येत होती. तिच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या चड्डीतले दोन अनोळखी तरुण होते. एकाच्या हातात प्रथमोपचाराची पेटी होती.

"मावशी! अगं, शिखर?"

"झालं की. तासभर थांबायचा विचार होता, पण तुमच्या शिट्ट्या वरपर्यंत येत होत्या. जिवाला चैन पडेना." तिने लॅकलनकडे बोट दाखवलं आणि त्या तरुणांना हलक्या आवाजात म्हणाली, "आधी त्याला धरा. पुढारी आहे, फार घाबरलाय."