मौनाची वेळ

करुणा हेच आपले भांडवल, असे सांगणाऱ्या त्या कारखान्यात ध्यानाला बसायच्या उशा हातांनी शिवल्या जात, आणि सकाळच्या घंटेपासून दुपारच्या घंटेपर्यंत कोणी अवाक्षर काढत नसे. उशांत कापूस भरणाऱ्या मावशींना खोकला जडला, तेव्हा त्यांनी घंटेआधी संस्थापकांना गाठून धूळ बाहेर फेकणारा पंखा मागितला.

"पंखा घरघरतो, मावशी. सगळ्यांचं मौन मोडेल."

"आणि मी काय बासरी वाजवते, साहेब? मीही घरघरतेच की!"

संस्थापकांना ते पटले. सर्वांभूती समभाव असल्यामुळे त्यांनी पंखा आणि मावशी यांत भेद केला नाही: पंखा आणला नाही, आणि मावशींना कापसासकट मागच्या खोलीत, बंद दाराआड बसवले.

चार महिने दारामागून खोकला येत राहिला. मग एका सकाळी तो एकाएकी थांबला. शिवणाऱ्यांत मावशींची धाकटी जाऊ होती. ती सुई उशीत खोचून अर्धवट उठली. संस्थापकांनी न बोलता, अतिशय मृदूपणे तळहात खाली केला. मौन मोडणारीला दुसऱ्या दिवशी काम नसे. ती बसली. दुपारची घंटा व्हायला अजून दोन तास होते.

घंटा झाल्यावर संस्थापकांनी प्रसन्न मुद्रेने डोळे उघडले.

"आज पहिल्यांदा खरी शांतता लाभली. मावशींनाही बोलवा, श्रेय त्यांचंच आहे."

जाऊ मात्र आता उठेना.