धोंड लोटली तिथवर

धारवाल्याने सायकल स्टँडवर चढवली, दगडी चाकाचा पट्टा बसवला आणि दुकानाकडे तोंड करून हाक दिली, "वहिनी, आणा कात्र्या!"

शिंपी मशीनवरून उठला. कात्र्या त्यानेच बाहेर आणल्या.

"आज तुम्ही, मास्तर? वहिनी रुसल्या की काय?"

"ती गेली रे. तू मागे येऊन गेलास, त्याच्या पुढच्याच आठवड्यात. झोपेतच."

धारवाल्याचा पाय पॅडलवरून खाली आला. चाक थोडं फिरलं आणि थांबलं. त्याने टोपी काढली. "मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगणार कुठे? आज तू या गल्लीत, उद्या त्या."

धारवाला पायरीवर टेकला. वहिनी काज करायला बसायच्या ती कडेची जागा त्याने मोकळी सोडली.

"मास्तर, राग मानू नका," तो म्हणाला. "वेळ नाही ही विचारायची. पण गोष्ट अर्धी राहिली माझी."

शिंप्याला ठाऊक होतं. कात्र्यांना धार लागेपर्यंत त्याची बायको काज करता करता धारवाल्याला येशूची गोष्ट सांगायची. एका खेपेला एक तुकडा. धार झाली की गोष्टही थांबायची. ती लांबावी म्हणून हा एकच पातं पुन्हा पुन्हा घासायचा, आणि शिंपी आतून ओरडायचा, "अरे, कात्री आहे ती! सुई करतोस का तिची?"

"कुठवर आली होती?"

"पुरलं त्यांना. कबरीच्या तोंडाशी धोंड लोटली. वहिनी म्हणाल्या, आता पुढच्या खेपेला. तेव्हापासून डोकं उठलंय माझं. आंधळ्यांना डोळे देणारा माणूस, तो असा धोंडीखाली संपेल?"

"रविवारी चर्चला, मंडळीत ये ना. पाळकसाहेब फार छान सांगतात."

"त्यांच्या कात्र्या करतो का मी? या घरची गोष्ट आहे, या घरातच ऐकीन."

शिंप्याने धार बघायची चिंधी हातात घेतली. लग्नापासून नवराबायकोची वाटणी ठरलेली होती. मापं त्याने घ्यायची, शुभवर्तमान तिने सांगायचं. प्रार्थनेत त्याचं फक्त आमेन ऐकू यायचं. आणि नेमकं हेच, धोंडीनंतरचं, तिच्या कबरीपाशी सगळी मंडळी मोठ्याने म्हणाली, तेव्हा त्याचं तोंड उघडलं नव्हतं.

"तू चाक फिरव," तो म्हणाला. "असा तोंडाकडे बघत बसलास तर मला जमायचं नाही."

धारवाल्याने उठून पॅडल मारलं. चाक फिरू लागलं. ठिणग्या उडाल्या.

"रविवारी पहाटे बायका कबरीवर गेल्या. बघतात तर धोंड बाजूला. आत कुणी नाही."

"चोरून नेलं!"

"त्यांनाही तेच वाटलं. मग त्याचे दोन शिष्य धावत आले, वाकून आत शिरले. अंगाला गुंडाळलेलं कापड तिथेच पडलेलं. आणि डोक्याचा रुमाल वेगळा, एका बाजूला नीट गुंडाळून ठेवलेला." शिंप्याचा आवाज जरा मोकळा झाला. "आता तू सांग. मुडदा पळवणारा चोर आधी त्याचं कापड सोडवत बसेल? वर रुमाल गुंडाळून ठेवेल? घाईतला माणूस शर्टाची बटणंसुद्धा वरखाली लावतो. तिथून जो निघाला ना, त्याला कसलीच घाई नव्हती."

"निघाला? म्हणजे जिवंत?"

"जिवंत. बाहेर बागेत मरिया नावाची बाई रडत उभी होती, तिच्याशी बोलला. तिला वाटलं, माळीच आहे. मग त्याने तिला नावाने हाक मारली." शिंप्याने हातातली चिंधी उगाच उलटसुलट केली. "मरिये, म्हणाला. बस, तेवढ्यावर ओळखलं तिने."

चाक थांबलं होतं. धारवाल्याने हळूच विचारलं, "मग वहिनींनाही मारेल हाक?"

"मारेल. तिला पक्कं ठाऊक होतं."

"आणि तुम्हाला?"

शिंप्याने बाहीने डोळे पुसले. "मलाही. रडू येतं ते वेगळं. पण मलाही ठाऊक आहे." स्वतःचाच आवाज ऐकून तो जरा चमकला. मग त्याने कात्री उचलून चिंधीवर चालवली. चिंधी सरळ कापली गेली.

"वहिनींसारखं नाही जमलं तुम्हाला," धारवाला म्हणाला, "पण पोचलं."

"आगाऊ आहेस. मला शिकवतोस!"

दोघेही हसले. धारवाल्याने टोपी घातली, सायकल खाली घेतली आणि निघता निघता थबकला.

"मास्तर, इस्पितळाच्या धुलाईघरात तुम्ही शिवलेले गणवेश वहिनीच पोचवायच्या ना?"

"हो. आता टेम्पोवाला टाकून येतो."

"तिथल्या मावशी सकाळी विचारत होत्या, शिंपीणबाई येत का नाहीत म्हणून. मला काय माहीत, म्हटलं. त्याही ऐकायच्या गोष्ट. माझ्या बऱ्याच मागे आहेत. त्यांच्या गोष्टीत अजून वादळ सुटलंय, होडीत पाणी शिरलंय, आणि येशू उशी घेऊन झोपलाय."

तो गेला. शिंप्याने टेम्पोवाल्याला फोन लावला आणि उद्याचा गठ्ठा न्यायला येऊ नकोस, मीच नेईन म्हणून सांगितलं. मग मशीनवर बसून शेवटच्या गणवेशाची बाही जोडायला घेतली.

धुलाईघरातल्या मावशींचं वादळ अजून शमवायचं राहिलं होतं.